पाच वाट्या विरजण

एकदा एक शिष्य चिंतातुर होऊन आपल्या वृद्ध गुरुमाईंकडे आला. त्याची आई रक्तदाबावर जी गोळी घेई, तिने स्मृती जाते, असे त्याने मोबाईलवर वाचले होते. कालची गोळी त्याने तिला घेऊ दिली नव्हती. आजची दुपारी जेवणानंतर द्यायची होती. द्यावी तरी भय, न द्यावी तरी भय.

डॉक्टरांना विचारलेस का, असे माईंनी विचारले. तो म्हणाला, "विचारायचं काय, माई? विज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या पाच संकेतस्थळांवर तेच आहे. पाचही चुकतील का?"

माईंनी त्याच्या हाती पाच वाट्या दिल्या आणि आळीतल्या पाच घरांतून विरजण आणायला सांगितले. बिचारा दारोदार फिरला. कोपऱ्यावरच्या एका काकूंनी तर विचारलेच, की माईंकडे आताशा दहीही लागत नाही का. तो परतल्यावर माईंनी पाचही वाट्या चाखायला लावल्या. पाचही कडवट.

"मग जगातलं सगळं दही कडू म्हणायचं का?" माई हसून म्हणाल्या. "जा, आता विचारून ये, कुणी कुणाकडून विरजण घेतलं."

तो पुन्हा गेला. चौघींनी एकाच घराकडे बोट दाखवले, ते म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या काकूंचे.

"वाट्या पाच, बाळा, पण विरजण एकच," माई म्हणाल्या. "तुझ्या बातमीचं पहिलं घर कुठलं, तेवढं बघ. आणि डॉक्टरांना फोन कर."

शिष्याने तिथेच बसून शोध घेतला. पाचही बातम्या एका विद्यापीठाच्या पत्रकावरून शब्दशः उतरवलेल्या होत्या. पत्रकाखाली मूळ शोधनिबंध जोडलेला होता. प्रयोग उंदरांवर होता, मात्रा माणसांच्या चाळीसपट होती आणि माणसांविषयी काही सांगता येत नाही, असे संशोधकांनी स्वतःच लिहिले होते. पत्रकात तेवढीच ओळ गळाली होती. फोनवर डॉक्टर म्हणाले, एक दिवस चुकला, हरकत नाही. आजची वेळेवर द्या.

त्याने पाचही ठिकाणी चूक कळवली. संध्याकाळपर्यंत एकाने बातमी सुधारलीही. पण त्याआधी, दुपारी, तो आईपुढे गोळी आणि पाणी घेऊन उभा राहिला.

"अकरा वर्षं घेतेय रे," आई म्हणाली. "तुझ्या बारशाला कुणी काय आणलं, ते सांगू का?"

आणि तिने खरोखरच सांगायला घेतले. तो पायाशी बसून सगळे ऐकत राहिला.

बातमी किती घरांत पोचली हे मोजण्याआधी, ती कुणाच्या घरून निघाली, हे विचारून यावे.