आधी भिंतीचाच रंग

एकदा एका रंगाऱ्यावर स्वतःच्याच घराची भिंत रंगवायची पाळी आली आणि तिथंच तो फसला. दुसऱ्यांची घरं उजळणाऱ्या माणसाच्या घरी पोपडे निघालेले असतात, हे आपण पाहतोच. पण या हणमंताला यंदा सबब उरली नव्हती. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती बाळाला घेऊन परत येईपर्यंत मागची खोली तयार करायची आणि त्या खोलीत आजीनं नातवंडाला घेऊन निजायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं. आजी म्हणजे हणमंताची आई, सोनाबाई. गावाकडच्या घराला कुलूप लावून ती शहरात मुलाकडे राहायला आली, ती या बाळाच्याच ओढीनं.

हणमंताच्या मनात आलं, बाळाच्या खोलीत उभे पट्टे काढावेत. पिवळसर भिंत, तिच्यावर हिरवे पट्टे. हल्ली गिऱ्हाइकंही असलंच काहीतरी मागतात, तेव्हा घरीच हात बसेल. त्यानं मापं घेतली, ओळंबा सोडला, कागदी टेप चिकटवली आणि मोठ्या हौसेनं हिरवा रंग फिरवला. टेप ओढून बघतो तर काय, रेष आहेच कुठं? हिरवा रंग टेपखालून पिवळ्यात घुसलेला आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना मिशा फुटलेल्या! त्यानं भिंत पुन्हा पिवळी केली, टेप अंगठ्यानं आणखी जोरात दाबली, पुन्हा हिरवा लावला. पुन्हा मिशा. रंगाऱ्याच्या घरात अशी भिंत म्हणजे शोभाच की हो!

त्यातच कचऱ्याचं प्रकरण झालं. आता कचरा हा काय दृष्टांताचा विषय आहे, असं कुणी विचारील. अहो, संसारातली भांडणं काय राज्यावरून होतात? ती गळक्या पिशवीवरूनच होतात. जिन्यात ठिबकलेलं पाणी, कुत्र्यानं फाडलेली पिशवी, आज कचरा नेऊन ठेवायची पाळी कुणाची होती, यावरून चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांशी अबोला धरतात. मी पाहिलेलं आहे.

हणमंताच्या गल्लीत नवा नियम निघाला होता. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, नाहीतर घंटागाडी घेणार नाही. हणमंतानं आईला एकदा जाता जाता सांगितलं आणि सांगून मोकळा झाला. सोनाबाई घरातलं सगळं आवरायची. त्या दिवशी तिनं मेथीची देठं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या आणि भिंतीवरून ओढलेल्या टेपचे हिरवे गोळे एकाच पिशवीत भरले आणि घंटा वाजताच पदर खोचून खाली गेली. गाडीवाल्यानं पिशवी उघडून पाहिली आणि परत दिली. "आजी, हे चालत नाही. वेगळं करून आणा."

भिंतीच्या वैतागात असलेला हणमंत वरून धावत आला आणि भर रस्त्यात आईवर ओरडला. "किती वेळा सांगायचं तुला? साधा कचरासुद्धा टाकता येत नाही का?"

गल्लीतल्या बायका हातात बादल्या घेऊन बघत होत्या. सोनाबाई पिशवी उचलून वर आली आणि दुपारी भाकरी वाढताना तिनं सांगितलं, "उद्याच्या पहिल्या एसटीनं मी गावाला जाते. ज्या घरात मला कचरा टाकता येत न्हाई, त्या घरात मी पोर काय सांभाळणार? बाळाला बघायला येईन. राहायला न्हाई."

हणमंताला तिला थांबवायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "नियम मी काढलाय का? मी काय चुकीचं बोललो?" आणि खरं सांगायचं तर नियमात चूक काहीच नव्हती. म्हणूनच तर पंचाईत होती.

संध्याकाळच्या आत भिंत तरी मार्गी लागावी म्हणून त्यानं आपल्या वस्तादांना बोलावणं धाडलं. धोंडीराम वस्ताद वयोवृद्ध. शाळांचे, देवळांचे, धर्मशाळांचे रंगीत पट्टे त्यांनी उभ्या जन्मात ओढलेले. त्यांच्याच हाताखाली हणमंत तयार झाला होता. मात्र पूर्ण तयार होण्याआधीच स्वतःची कामं घ्यायला लागला होता. वस्ताद आले, ओट्याशी बसून सोनाबाईच्या हातचा चहा प्याले, तिनं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. "बरं वहिनी," एवढंच म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

हणमंतानं भिंत पुन्हा पिवळी करून वाळवून ठेवली होती, नवी टेपही लावली होती. वस्तादांनी टेपच्या कडेवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि ब्रश बुडवला. पण कशात? हिरव्यात नव्हे, पिवळ्यात! आणि शांतपणे टेपच्या कडेकडेनं, पिवळ्या भिंतीवर पुन्हा तोच पिवळा रंग लावत सुटले.

हणमंत बघतच राहिला. थोडा वेळ त्यानं कळ काढली, मग राहवेना. "वस्ताद, डबा चुकला. हिरवा हिकडं हाय."

"दिसतोय मला."

"अहो, पिवळ्यावर पिवळा लावून काय होणार? दिवस मावळायला आला. आईचं ते तसलं, भिंतीचं हे असलं. तुमी तरी थट्टा करू नका."

वस्तादांनी एकूण एक कड पिवळ्यानं भरली आणि ब्रश धुऊन भिंतीला टेकून बसले. पिवळा वाळला तेव्हा म्हणाले, "आता मार तुझा हिरवा. बिनधास्त मार." हणमंतानं रागारागानंच रोलर फिरवला. रंग ओला असतानाच वस्तादांनी त्याला टेप ओढायला लावली. हणमंत श्वास रोखून ओढत गेला आणि जागच्या जागी थबकला. सुरीनं कापावी तशी रेष! मिशी नाही, डाग नाही.

"हे कसं झालं, वस्ताद?"

तेव्हा वस्ताद बोलले. "हे बघ हणमा, भिंत वरून सपाट दिसती, पण ती सपाट नसती. टेप किती बी दाब, खाली बारीक फटी ऱ्हातातच. त्यांत रंग शिरणार, ते तुला-मला चुकवता येणार न्हाई. मग आधी भिंतीचाच रंग शिरू दे. तो आत गेला तरी कुणाला दिसत न्हाई, आन् फट बुजून जाती. मागनं येणाऱ्या रंगाला घुसायला जागाच ऱ्हात न्हाई. तुझा हिरवा काय वाईट होता? चांगलाच होता. पण तू आधी भिंतीला तिचं तिला दिलं न्हाईस. आन् सकाळी आईच्या बाबतीत बी तेच केलंस. एवढं आयुष्य काढलेल्या बाईला तू नवा रंग थेट लावलास, त्यो बी गल्लीत, चार जणांसमोर. मग दुसरं काय होणार?"

एवढं बोलून म्हातारा उठला. मला वस्तादांचं फार कौतुक वाटतं ते इथं. मनात आणलं असतं तर सोनाबाईची समजूत काढून, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून ते मोठेपणा घेऊन गेले असते. त्यांनी तसलं काही केलं नाही. "भिंतीचं मी दाखवलं, घराचं तुझं तू बघ," म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

हणमंत स्वयंपाकघरात आला. आई मेथी निवडत बसली होती. जाण्याआधी मुलासाठी भाजी करून ठेवायची होती तिला. तो शेजारी बसला, एक जुडी त्यानंही ओढून घेतली.

"आई, गावाकडं ही देठं कुठं जायची गं?"

सोनाबाईनं वर पाहिलं नाही. "कुठं जाणार? म्हशीपुढं."

"आन् चहाचा चोथा?"

"उकिरड्यात. त्याचं खत व्हायचं." तिचा हात जरा थांबला. "तेलाची पिशवी कुणी उकिरड्यात टाकली तर तुझा बा घर डोक्यावर घ्यायचा. शेजारच्यांची म्हस पिशवी खाऊन मेली, तवापास्नं मी धुऊन वेगळी ठेवायची. भंगारवाल्याला द्यायची."

हणमंतानं देठ खाली ठेवलं. "म्हणजे तू जन्मभर वेगळंच करत आलीस. गाडीवाला तेवढंच मागतोय, आई. मी तुला कधी विचारलंच न्हाई. आन् लोकांसमोर बोललो. चुकलं माझं."

सोनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "इथं म्हस न्हाई, उकिरडा न्हाई. मला वाटलं, शेरात समदंच एकात टाकत असतील." मग नाक ओढून उठली आणि मोरीतल्या दोन बादल्या काढून ओट्याखाली मांडल्या. "ही म्हशीची. ही भंगाराची."

सकाळी घंटा वाजली. हणमंतानं लगबगीनं दुधाची रिकामी पिशवी हाताला लागेल त्या बादलीत टाकली.

"अरं ए!" सोनाबाई आतून कडाडली. "म्हशीच्या बादलीत पिशवी टाकतोस? काढ ती आदी!"

"आई," हणमंत भीत भीत म्हणाला, "एसटी निघून जाईल न्हवं तुझी?"

"जाऊ दे की," सोनाबाई म्हशीची बादली उचलत म्हणाली. "मी गेल्यावर हिकडं कोण बघणार? ती पोरगी बाळ घिऊन यील, तिला एकटीला काय काय करायला लावशील?"

आणि ती बादली घेऊन, ताठ मानेनं, गल्लीतल्या बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. हणमंतानं दुधाची पिशवी नळाखाली धुतली आणि दोरीवर वाळत घातली.