मऊ कडेची घोंगडी

ढोलेवाडीची घोंगडी हातात घेतली की तिची एक कड बोटांना मऊ लागते. बाकीची घोंगडी खळ प्यायलेली, ताठ. परगावचे गिऱ्हाईक ही खोट समजून भाव पाडू लागले, की वाडीतले म्हातारे विणकर दगडूतात्या सणगर त्याला त्याच घोंगडीवर बसवतात आणि तिची हकिकत सांगतात.

फार मागे, असे सांगतात, या वाडीत म्हाकू नावाची पोरकी पोर होती. धाकटी बहीण बायडी तिच्याच पदरात. वाडीचा म्होरक्या सिदू आप्पा, त्याच्या अंगणात म्हाकू चिंचोके कुटायची. चिंचोक्यांची खळ शिजवून ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना पाजतात. त्याशिवाय लोकर मागावर टिकत नाही. मजुरी म्हणून संध्याकाळी ओंजळभर चिंचोके मिळत. तेच भाजून दोघी खात.

स्वतःचा माग हवा असेल तर वाडीची एक रीत होती. आपण विणलेली घोंगडी बिरोबाच्या जत्रेत न्यायची आणि तिच्या झोळीत देवाचा मेंढा उचलायचा. धागा तुटला नाही तर माग मिळणार. तुटला तर जन्मभर कुटत बसायचे. म्हाकूने ते मनावर घेतले. मेंढरे पुढे गेली की बाभळीच्या काट्यांना अडकलेली लोकर ती वेचायची आणि चालता चालता चातीवर कातायची. आपल्या वाट्याचे निम्मे चिंचोके ती खळीसाठी गाडग्यात टाकायची. बायडीच्या घासाला हात लावायची नाही. पोटात कितीही आग पडली तरी गाडगे उघडायचे नाही, हा नेम तिला कुणी घातला नव्हता. तिचा तिनेच घातला होता.

आप्पाला हसू आवरायचे नाही. "काट्यावरची लोकर आन् मजुरीचं चिंचोकं! मेंढा राहू दे गं म्हाके, कोंबडं तरी पेलंल का?"

म्हाकू खाली मान घालून कुटत राहायची. विणायला म्हणून त्याच्या गोठ्यातला मोडका माग तिने तेवढ्यापुरता मागून घेतला आणि बांधून-सांधून उभा केला.

जत्रा जवळ आली. म्हाकूची खळ चुलीवर शिजत होती आणि चुलीपाशीच बायडी भुकेने कोसळली. म्हाकूने नेम मोडला. खळ निववून तिने बहिणीला घोट घोट पाजली, तेव्हा कुठे पोरीने डोळे उघडले. उरलेली खळ ताण्याला पुरली नाही. एक कड कोरडी राहिली. म्हाकू रडत बसली नाही. त्या कडेचे धागे सोडवून तिने पुन्हा चातीवर घेतले आणि दुप्पट पीळ दिला. बोटांची साले निघाली, तरी चाती थांबली नाही.

जत्रेत आप्पाने तिने विणून आणलेली घोंगडी चाचपली आणि तो ओरडला, "ह्या कडंला खळच न्हाई की!"

"बायडीच्या पोटात गेली, आप्पा," म्हाकू म्हणाली. "खळीच्या जागी दुप्पट पीळ घातलाय. मेंढा आणा."

चौघांनी चार टोके उचलली. मेंढा बिथरला, लाथा झाडत नेमका त्याच कडेवर रेलला. मेंढा खाली उतरवल्यावर आप्पाने कड उन्हात धरून पाहिली, उलटून पाहिली. एकही धागा तुटला नव्हता म्हणे. बायडीने टाळ्या पिटल्या आणि म्हाकूने तिला कवेत घेतले. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले.

इथे एखादा पाहुणा हमखास म्हणतो, "म्हणजे गरिबीनंच पोर घडवली!" तात्या भडकतात.

"गरिबी धाकटीला न्यायला बसली हुती, पाव्हणं! पोर घडली ती आपल्या हातानं. आन् आप्पानं माग दिला असंबी म्हणू नका. तिनं घेतला!"

स्वतःच्या मागावर बसल्यावर म्हाकूने वाडीकडून एक शब्द घेतला, असे सांगतात. प्रत्येक घोंगडीची एक कड खळीवाचून ठेवायची, तिथे दुप्पट पीळ घालायचा आणि वाचलेले चिंचोके लेकरांना द्यायचे.

आजही ढोलेवाडीत ताणा पसरला की आधी चिंचोके भाजतात. लेकरे गालात कोंबून अंगणभर हुंदडतात. त्यांची तोंडे हलू लागल्याशिवाय खळीच्या कुंच्याला कोणी हात लावत नाही.