सरांचा सुळा

"माझ्या हातात काय कमी आहे, सर?" हेमांगीनं विचारलं.

हत्तुरे सर खुर्चीत आडवे होत होते. चाळीस वर्षं लोकांचे दात बघणारा हा माणूस आज स्वतःच पेशंट होता. सुळा तुटला होता.

"कमी आहे असं कोण म्हणालं?"

"मग तबस्सुमला का बोलावलंत? मी सहा वर्षं तुमच्या दवाखान्यात आहे. ती कालची पोर."

तबस्सुम शेजारीच ट्रे लावत होती. तिनं मान वर केली नाही. हेमांगीला त्याचाही राग आला.

"आणि केलं काय तिनं? मूळ साफ केलं, टोकापर्यंत भरून बंद केलं, आणि आठ दिवसांनी या म्हणाली! मी एका बैठकीत वरचा दात उभा करायला मुळात दांडीसुद्धा बसवून दिली असती."

"दिली असतीस खरी," सर म्हणाले. "मग आज दांडी तूच बसव."

हेमांगीनं हातमोजे चढवले. हे इतक्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

आधी तिनं एक्स-रे उजेडाकडे धरला. कुठे काळी फट दिसते का, ते शोधत राहिली. पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत सलग होती. तिला वाईट वाटलं. वाईट वाटल्याची लाजही वाटली, पण थोडीच.

वरचा भराव काढून तिनं दांडीपुरती जागा केली. तळाशी तबस्सुमचा पाच मिलिमीटर भराव राहिला. इथे थांबायचं. तेवढं बंद राहिलं तरच मुळाशी पुन्हा पू धरत नाही, हे सरांनीच शिकवलेलं.

पण आणखी जरा खाली गेलं, तर दांडी लांब बसेल... आणि तबस्सुमचं काम उरणारच नाही. कळणार कुणाला? नस काढलेल्या त्या दातात दुखायला आता काही शिल्लक नव्हतं.

"ताई," तबस्सुम हळूच म्हणाली, "खाली मी बंद केलंय."

"माहितेय मला!"

सरांचं तोंड उघडं. बोलणार कसे? त्यांनी हेमांगीकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले, दुपारी जेवून पडल्यासारखे.

हेमांगीचा हात तसाच राहिला...

मग तिनं हातातलं यंत्र ट्रेमध्ये ठेवलं.

"सिमेंट दे," ती शेवटी म्हणाली.

तबस्सुमनं सिमेंट कालवून पुढे केलं. पाच मिलिमीटरच्या वर दांडी घट्ट बसली, आणि तिच्यावर सुळा उभा राहिला.

सर उठले, चूळ भरली. हेमांगीला राहवेना.

"आता खरं सांगा, सर. हात कुणाचा चांगला?"

सरांनी जिभेनं सुळा चाचपला. एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"दोघी आता एकाच दातात आहात. आत भांडू नका गं... मला उद्या कडक भाकरी खायचीय."