खैरवाडीचा साकव

"बाबा, पिंडाला कावळा का शिवत नाही?"

घाटावरच्या मठीत केशरगीर गोसावी चिलीम झाडत बसले होते. विचारणारा माणिकराव इंगवले, आमदार बापूसाहेबांचा गेली एकोणीस वर्षं पीए. आज साहेबांचा दहावा.

मी खालच्या पायरीवर वस्तरा धूत होतो. दहाव्याला डोकी करणारा न्हावी मी. कानावर पडतं ते ऐकतो.

"सकाळपासून सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले, बाबा. मुलगा म्हणाला, पुतळा उभारू. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, कॉलेजला नाव देऊ. कावळे समोर उंबरावर बसलेत, पण एक खाली उतरेल तर शपथ."

"मग तू सांगून बघ."

"मी काय सांगणार? साहेबांच्या मनातलं माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्यांचं काहीच राहिलं नव्हतं."

हे तो छाती काढून म्हणाला. त्याचा तोरा जुनाच. त्याला विचारल्याशिवाय साहेबांच्या दारातून देवसुद्धा आत गेला नसता.

साहेब मात्र निराळा माणूस. चार वेळा निवडून आले. पण माझ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा तिला जीपमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसले, पिशव्या मांडीवर घेऊन. असा माणूस गेला हो!

"काहीच राहिलं नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"एक साकव राहिला होता... खैरवाडीच्या ओढ्यावरचा."

"दोन पोरी वाहून गेल्या, तो ओढा?"

"तोच. साकव होईपर्यंत गळ्यात हार घालून घेणार नाही, असं साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. सात वर्षं घेतला नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी एकच धोशा. माणिक, साकव झाला का?"

"मग?"

"झाला म्हणालो. मोबाईलवर फोटो दाखवला. साहेबांनी बोटानं मोठा करून पाहिला. कठडा मजबूत केलाय म्हणाले. हसले... दुसऱ्या दिवशी गेले."

"आणि झालाय?"

माणिकराव उपरण्यानं मान पुसत राहिला.

"साकव झालाय, बाबा."

"खैरवाडीला?"

"...पिंपळोलीला."

बाबांनी चिलीम झाडायची थांबवली.

"साहेबांनी सही खैरवाडीसाठीच केली होती. पत्र पुढे पाठवताना गावाचं नाव मी बदललं. साहेबांसाठीच केलं हो! निवडणूक तोंडावर आली होती. पिंपळोलीत सहाशे मतं. खैरवाडीत मोजून एकतीस. साहेब निवडून आले तरच पुढचं काम, नाही का? खैरवाडीचं पुढच्या खेपेला करणार होतो."

मेल्या, तुझी जीभ कशी झडली नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. गिळलं. आपण हातात वस्तरा घेऊन बसलेला माणूस, भांडणात पडू नये.

बाबांनी चिलमीनंच खाली नदीकडे दाखवलं.

शेवटच्या पायरीवर खैरवाडीची माणसं बसली होती, सगळ्यांपासून जरा लांब. कमरेपर्यंत ओली. ओढ्याला पाणी होतं, हात धरून उतरून आली होती. साहेबांच्या फोटोवर एवढा हारांचा ढीग पडला होता, पण यांच्यातल्या एकानंही हार आणला नव्हता. पुढे चांगुणा बसली होती. वाहून गेलेल्या दोन्ही पोरी तिच्याच.

"जा," बाबा म्हणाले. "मला सांगितलंस ते त्यांना सांग. कावळ्याचं मग बघू."

माणिकराव उतरला. माझ्या शेजारून गेला. वाटलं, सांगतोय आता. खरंच वाटलं.

त्याला पाहून चांगुणा उठली. हात जोडले.

"माणिकभाऊ, साहेब जाताना आमच्या वाडीचं काही बोलले का हो?"

माणिकरावानं तोंड उघडलं.

"सगळ्यांचीच आठवण काढली त्यांनी," तो म्हणाला.

तिनं पदर डोळ्यांना लावला. "देवमाणूस होता," म्हणाली, आणि पुन्हा ओल्या लुगड्यानं खाली बसली.

माणिकराव तसाच माघारी वर आला. घामानं निथळत होता.

"बाबा... गुरुजी म्हणतात बारा वाजून गेले. कावळा नाहीच आला तर दर्भाच्या काड्यांचा कावळा करायचा आणि तोच पिंडाला लावायचा. शास्त्रात चालतं म्हणे. चालेल ना?"

बाबांनी चिलीम खाली ठेवली.

"चालेल की. फोटोतल्या साकवावरून पलीकडे गेला तुझा साहेब. दर्भाच्या कावळ्याला कशाला नाही म्हणेल?"