पत्राची खालची घडी

"मला कोणी कळवलं का नाही, महाराज?"

अच्युत ओलेत्यानेच समोर उभा होता. हातात अशुभ वार्तेचं, कोपरा फाडलेलं पत्र. आई गेल्याची पहिली ओळ वाचली आणि तो तडक नदीवर जाऊन अंघोळ करून आला. येताना सगळा संताप थोरल्या बहिणीवर जमला होता.

"शिकलीसवरलेली बाई! आई आजारी आहे, एवढं लिहायला हात मोडले होते तिचे? आता तिचं तोंड पाहणार नाही मी."

माधवगिरी महाराजांनी त्याला बोलू दिलं. अच्युत म्हणजे मठातला पोथी वाचणारा. ओवीचा पहिला शब्द दिसला की उरलेली न बघताच म्हणून मोकळा. त्याचा तोराही भारी होता.

"मागच्या महिन्यात तिचं पत्र आलं होतं ना?"

"आलं होतं. सगळं क्षेम होतं. मी उलट टपाली लिहिलंसुद्धा. 'क्षेम वाचून समाधान वाटले. चातुर्मासात मठ सोडता येत नाही.'"

"आण ते."

ते पोथीतच होतं, खूण म्हणून ठेवलेलं.

"वाच. मोठ्यानं."

"चिरंजीव अच्युत यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम..." तो थांबला. "हेच तर सांगतोय मी!"

"ही ओळ सगळेच घालतात. घडी उघड."

खालची घडी अजून करकरीत होती. त्याने ती उघडली.

"आईने अंथरूण धरले आहे. सारखी दाराकडे बघते. पत्र मिळताच निघ..."

अच्युतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशुभ पत्र घरात ठेवू नये, वाचून फाडावं. काहीतरी करायचं म्हणून त्याने दुसरं, आजचं पत्र फाडायला घेतलं.

"ते वाचलंस?"

"कोपरा फाटलाय, महाराज. आई गेली... आणखी काय वाचायचं?"

महाराजांनी पत्राकडे बोट दाखवलं.

त्याने वाचलं.

"तुझे उत्तर आईला वाचून दाखवले. तिने तीनदा वाचायला लावले. म्हणाली, नीट बघ गं, 'येतो' असं कुठंतरी लिहिलं असेल..."

"तिला अक्षरओळख नव्हती, महाराज," अच्युत म्हणाला.

"तरी तीनदा वाचलं तिनं."