राजाच्या मेजावरचे काचपात्र

फार मागची गोष्ट आहे. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये वसलेल्या एका राज्यात सुकेत नावाचा तरुण राजा नुकताच गादीवर बसला होता.

त्या राज्यात दोन बलाढ्य सरदार होते, नदीकाठचा रणधीर आणि तळ्याकाठचा जयवर्म. त्यांच्यात पिढ्यांचे वैर होते. सुकेतच्या वडिलांनी मरण्यापूर्वी दोघांत समेट घडवला होता, पण तो अजून कच्चा होता.

एकदा एका कारागिराने राजाला काचेचे सुंदर पात्र भेट दिले. पात्र लहानसे, तांब्याभर पाणी मावेल एवढेच. राजाने ते आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवले आणि आईला विचारले, "यात कोणते प्राणी ठेवू?"

राजमाता म्हणाली, "एखादी गोगलगाय ठेव, फार तर दोन-चार झिंगे. मासा नको. त्याला वळायलासुद्धा जागा नाही इथे."

पण बातमी बाहेर गेली होती. जयवर्म दोन सोनेरी मासे घेऊन आला. "आमच्या तळ्याची शान आहे, महाराज."

राजाच्या ओठांवर 'नको' आले होते. जयवर्म रागावला तर? "वा, फारच सुरेख!" राजा म्हणाला.

हे कळताच रणधीर आला, मरळीचे पिल्लू घेऊन. "तळ्याचे मासे महाराजांच्या मेजावर, आणि आमच्या नदीचा नाही?"

मरळ दुसरे मासे खाते, हे राजाला ठाऊक होते. 'अजून लहान आहे,' त्याने मनाची समजूत घातली आणि तीही पात्रात सोडली.

पाणी गढूळ होऊ लागले. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. राजा दरबारातून उठून पुन्हा पुन्हा पाणी बदलायला धावू लागला. मरळ तळाशी निश्चल असायची. तिचे डोळे मात्र सोनेरी माशांबरोबर फिरत.

"परत पाठव त्यांना," राजमाता म्हणाली.

"कोणाचे पाठवू, आई? एकाचे पाठवले तर तो म्हणेल दुसरा लाडका. दोघांचे पाठवले तर दोघेही दुखावतील."

"आणि मासे?"

राजा पाणी बदलायला पात्राकडे वळला.

राज्याच्या वार्षिक उत्सवाच्या दिवशी सकाळी त्याने पाहिले, तर पात्रात एकच सोनेरी मासा होता. पाण्यावर चार खवले तरंगत होते आणि मरळीचे पोट फुगले होते.

बाहेर नगारा वाजला. दोन्ही सरदार आले होते.

प्रधान घाईने कुजबुजला, "राजवाड्याच्या हौदात तसाच मासा आहे, महाराज. आणून सोडतो. कोणाला कळणार नाही."

 राजाने होकारार्थी मान हलवायचीच बाकी होती. तेवढ्यात उरलेला मासा वर आला आणि पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागला. राजाला त्याच्याकडे बघवेना.

"नको," तो म्हणाला. इतक्या दिवसांत प्रथमच.

त्याने स्वतः ते पात्र उचलून दरबारात नेले. जयवर्मने आत पाहिले. त्याचा चेहरा लाल झाला आणि हात तलवारीवर गेला. "नदीवाल्यांनी आमचा मासा खाल्ला!"

रणधीरही उठला. त्याची माणसे पुढे सरली.

राजा दोघांच्या मध्ये उभा राहिला. "दोष मरळीचा नाही, रणधीरांचाही नाही. पात्र केवढे आहे, हे मला दिसत होते. तुम्हा दोघांना नको म्हणायची मला भीती वाटली. मासा माझ्यामुळे मेला. शिक्षा करायची तर मला करा."



जयवर्मचा हात तलवारीवरून खाली आला. "त्याच दिवशी तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी घटकाभर रागावलो असतो," तो म्हणाला. "माझे दोन्ही मासे तळ्यात असते."

उरलेला मासा घेऊन तो उत्सवाला न थांबता निघून गेला. रणधीरने आपली मरळ नदीत सोडली. लढाई टळली. पण जयवर्म पुन्हा राजाच्या पंगतीला येऊन बसायला कित्येक वर्षे जावी लागली, आणि तोवर त्याची रिकामी जागा राजाला रोज दिसत राहिली.

तात्पर्य : नाराजीच्या भीतीने जो सर्वांनाच होकार देतो, तो कोणालाच सांभाळू शकत नाही.