सटू भोयाची खेप

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. चैत्र निम्मा उलटला होता, पळसाची फुलं झाडावरच वाळली होती, आणि आभाळ राख फासल्यासारखं पांढुरकं झालं होतं. कोंडवणे गावात झिरवी नदीचा आवाज बारा महिने कानावर असायचा, तो थांबला होता. ही फार मागची गोष्ट. आपल्या आज्याच्या आज्यानं ऐकली, तेव्हाही ती जुनीच होती, असं म्हणतात.

आदल्या साली पाऊस नुसता शिवून गेला होता. नदी तुटली आणि तिचे डोह झाले. मग एकेक डोह आटत गेला. शेवटी गावाखालचा म्हशीचा डोह तेवढा राहिला, आणि नदीतली उरलीसुरली मासळी त्यात कोंडली गेली. त्यात खडस मासे होते, सोनेरी खवल्यांचे, हाताएवढे लांब.

गावाची रीत अशी होती की चैत्रात डोहात जाळं पडायचं ते सटू भोयाच्या हातानं. मासळीचे घरटी वाटे व्हायचे, आणि दिवसाचं शेवटचं जाळं काठावर न आणता पाण्यातच मोकळं करायचं. तो नदीचा वाटा. सटू तोंडानं काही म्हणत नसे. मासे सुटून गेले की पाण्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि बाहेर यायचा.

त्या दिवशी त्यानं शेवटचं जाळं मोकळं करायला घेतलं, आणि त्याच्या शेजारच्या घरातला म्हाळू पाण्यात उतरून त्याच्यासमोर उभा राहिला. म्हाळूची पोरं उपाशी होती. सगळ्यांचीच होती.

"सटूदा, नदीला पोट नाही," म्हाळू म्हणाला. "आम्हाला आहे."

काठावरच्या कुणीही म्हाळूला बाजूला ओढलं नाही. सटूनं जरा वाट पाहिली. मग जाळं काठावर आणून ठेवलं. भुकेल्या माणसाशी भांडावं असं त्याला वाटेना. पण त्याला दिसत होतं की हे कणगीतलं बी दळून खाण्यासारखं चाललंय. पुढच्या साली डोहात पाणी येईल, आणि पाण्यात काही नसेल.

वाटे झाले. सटूनं आपल्या वाट्यातले जिवंत मासे कडेच्या खळग्यात सोडले आणि तो घागर आणायला घरी गेला.

घरी त्याची बायको सगुणा तापानं अंथरुणाला खिळलेली. माशाचं कालवण पोटात गेलं तर उठेल, असं वैदू सांगून गेला होता. सटू उंबऱ्याजवळ बसला. वर कड्याच्या कपारीत एक कुंड आहे, ते कधी आटत नाही. मासे तिथं नेऊन सोडले तर पावसात नदीबरोबर परत खाली येतील, असं त्यानं तिला सांगितलं. एवढं सांगायलाच त्याला फार वेळ लागला. सगुणा आढ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "घागर गळ्यापर्यंत भरू नका. चढाला हिंदकळेल."

कड्यावर जायची वाट ती शेळ्यांची वाट. सटूनं घागर खांद्यावर घेतली आणि एक हात पाण्यात ठेवला. पाणी ढवळत राहिलं तर मासा घुसमटत नाही, थांबलं तर मरतो. ऊन डोक्यावर आलं, पण त्याचा हात थांबला नाही. वाटेत वाघ पाणी शोधत आला होता, तो घागरीचा वास घेऊन बाजूला झाला, असं म्हणतात. आणि घागरीतून जिथं जिथं थेंब सांडला, तिथं खडकाला पाझर फुटला, असंही म्हणतात.

डोहात पाणी होतं तोवर हेच चाललं. सटू जाळं टाकायचा आणि आपला वाटा वर न्यायचा. गाव हसायचं. कुणी म्हणे, म्हातारा माशांना काशीला घेऊन निघाला. कुणी म्हणे, बायको उपाशी आणि माशांची पालखी. म्हाळू म्हणे, वर जाऊन भाजून खात असेल, वास काय इथवर येतोय होय? सटूनं हे सगळं ऐकलं. संध्याकाळी तो सगुणाला कंद उकडून त्याचं पाणी पाजायचा. ती दोन घोट घ्यायची आणि विचारायची, किती जगले.

एक दिवस तो खाली आला तेव्हा सगुणा गेली होती.

तिला पोचवून आल्यावर म्हाळूची बायको तानी सटूचं घर सारवायला गेली. भोयाच्या घरात खवलं नाही असं होत नाही. भिंतीला, भांड्याच्या काठाला, कुठंतरी चिकटलेलं असतंच. तानीनं चूल उकरून पाहिली, मडकी उलटी करून पाहिली. एकही सापडलं नाही. ती घरी आली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "त्यांनी काही खाल्लेलं नाही." म्हाळू अंगणात बसला तो बसूनच राहिला.

सकाळी डोहाचा नुसता चिखल उरला होता. सुतकात जाळ्याला शिवायचं नाही, म्हणून सटूनं तडफडणारे मासे हातांनी वेचले आणि घागर उचलली. खिंडीच्या वळणावर त्याचे गुडघे गेले. घागर मात्र त्यानं पडू दिली नाही. म्हाळू तिथं आधीच येऊन उभा होता. त्यानं घागर आपल्या खांद्यावर घेतली. मागून तानी आली, मग एकेक करून सगळं गाव आलं, कुणी हंडा घेऊन, कुणी तांब्या.

त्या दिवसापासून सटू कुंडापाशीच राहिला, पाऊस लागेपर्यंत. पहिल्याच पुरात कपार भरून वाहिली. तो काही परत आला नाही. पाणी निवळल्यावर लोकांनी पाहिलं, तर डोहाडोहात मासे, आणि प्रत्येक खडस माशाच्या कुशीवर बोट टेकल्यासारखा काळसर डाग. सटू नदीतूनच खाली आला, फक्त कुणाला ओळखू आला नाही, असं म्हणतात.

अजूनही चैत्रात झिरवी तुटली की कोंडवण्यात घरटी एक घागर कुंडावर जाते. तिला सटूची खेप म्हणतात. पण आपली घागर आपणच वरपर्यंत न्यायची नाही. खिंडीच्या वळणावर शेजारच्या घरचं माणूस उभं असतं. दोन घरांत बोलणं बंद असलं तरी त्यानं यायचंच. ते पुढं होतं, घागरीला हात लावतं, आणि तिथंच म्हाळू सटूला जे म्हणाला होता तेच म्हणतं:

"सटूदा, दे इकडं. तू बस जरा, मी नेतो."